स्क्रीनवर बॉल पॅडवर, बोर्डावर मात्र शेजारी: बीजीए मशीनची परत परत सरकणारी अलाइनमेंट

बीजीए म्हणजे पोटाखाली सोल्डरचे बारीक गोळे, म्हणजे बॉल, असलेली चिप; ती बोर्डाच्या पॅडवर बसवून तापवून जोडणारं हे मशीन. लक्षण आधी सांगतो. चिप आणि बोर्ड एकाच वेळी दाखवणारा प्रिझमचा हात बाहेर काढला, स्क्रीनवर चिपचे बॉल आणि बोर्डाचे पॅड एकावर एक आणले, चारही कोपरे पाहिले, सगळं तंतोतंत. हात आत घेतला, हेड खाली आलं, चिप बसली, प्रोफाइल, म्हणजे तापवण्याचा ठरलेला क्रम, पूर्ण झालं. बोर्ड थंड झाल्यावर मीटर लावला तर शॉर्ट. चिप काढली, रिबॉल केली, म्हणजे नवे बॉल लावले, पुन्हा बसवली, पुन्हा तेच. मशीन सेट केलं की तीन-चार आठवडे सुरळीत जायचे आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

माझं काम भोसरीत, कारखान्यांतल्या मोटर चालवणाऱ्या ड्राइव्ह आणि यंत्रांवर नियंत्रण ठेवणाऱ्या पीएलसीची कार्डं दुरुस्त करण्याचं. हा त्रास मी वर्षभर काढला. त्या काळात प्रोफाइल बदललं, फ्लक्स बदललं, बॉल लावायची नवी स्टेन्सिल आणली. चूक यातल्या एकाही ठिकाणी नव्हती. हे सगळं इतकं सविस्तर लिहितोय, कारण एकच जागा तीन-चार वेळा तापली की पॅड उचकटतात, आणि कितीतरी जुन्या ड्राइव्हची कार्डं आता बनतही नाहीत. कार्ड गेलं म्हणजे गिऱ्हाइकाचं अख्खं मशीन उभं राहतं.

स्क्रीन नेमकं काय दाखवते

हा भाग वगळू नका. पुढच्या सगळ्या चाचण्या यावरच उभ्या आहेत.

वर नोझलने व्हॅक्यूमवर धरलेली चिप, खाली बोर्ड. दोघांच्या मधे सरकत येतो तो हात. त्यात पुढे काचेचा चौकोनी ठोकळा आणि मागे आडवा कॅमेरा. ठोकळा दोन तिकोनी काचा चिकटवून केलेला असतो, आणि त्या तिरक्या सांध्यावर ४५ अंशात एक लेप असतो. त्या लेपावर पडलेला निम्मा उजेड परततो, निम्मा आरपार जातो. बोर्डावरून वर आलेला उजेड सांध्यावर आपटून काटकोनात वळतो आणि थेट कॅमेऱ्यात शिरतो. चिपवरून खाली आलेला उजेड त्याच सांध्याच्या दुसऱ्या अंगावर आपटतो, म्हणून तो कॅमेऱ्याकडे पाठ करून वळतो. तिकडे ठोकळ्याच्या मागच्या बाजूला आरसा आहे. आरशावरून तो परत फिरतो, सांध्यातून आरपार होतो आणि कॅमेऱ्यात पोचतो. काही मशीनमध्ये वर-खालची ही वाटणी उलट असते, तत्त्व तेच.

तो जास्तीचा आरसा कशासाठी? दोन्ही हात जोडून पाहा. अंगठ्यावर अंगठा, करंगळीवर करंगळी बसते. आता तेच तळवे उघडून शेजारी शेजारी धरा, अंगठे विरुद्ध बाजूंना जातात. बोर्ड आपण वरून बघतो आणि चिप खालून, म्हणजे हे उघडलेले तळवे झाले. त्यांची चित्रं एकावर एक बसवायची तर एक चित्र आरशातून एकदा जास्त फिरवावं लागतं. ते काम तो आरसा करतो. मला हे समजलं त्या दिवशी या यंत्राबद्दलचा आदर फार वाढला.

त्या आरशाची किंमत उजेडात मोजावी लागते. चिपच्या चित्राचा उजेड सांध्यावर पहिल्यांदा निम्मा होतो, परतताना पुन्हा निम्मा, म्हणजे पाव उरतो. बोर्डाच्या चित्राचा निम्मा शिल्लक राहतो. म्हणून चिपच्या बाजूचा दिवा जास्त ठेवावा लागतो. दोन्ही नॉब सारखेच ठेवले की चिप अंधुक दिसते आणि माणूस अंदाजाने जुळवायला लागतो.

आता मुख्य गोष्ट. स्क्रीन फक्त एवढंच सांगते की कॅमेऱ्यातून वर जाणारी नजर आणि खाली जाणारी नजर, या दोन रेषांच्या टोकांना जे आहे ते जुळलंय. चिप खाली कुठे उतरणार हे ती सांगत नाही. ते हेड ज्यावर वर-खाली सरकतं तो खांब ठरवतो. वरची नजर, खालची नजर आणि हेडचा खाली उतरण्याचा मार्ग, या तिन्ही गोष्टी एकाच ओळंब्यात असतील तरच स्क्रीनवर दिसतं ते बोर्डावर उतरतं.

आकडे मांडले की गांभीर्य कळतं. ठोकळा स्वतः ०.१ अंशाने कलला तर आरशाच्या नियमाने खालची नजर दुप्पट, ०.२ अंशाने कलते. वरची मात्र जागची हलत नाही, कारण तिच्या वाटेवर दोन परावर्तनं आहेत आणि दुसरं पहिल्याची चूक खोडतं. ठोकळ्यापासून बोर्ड ६० मिमीवर असेल तर फरक पडतो सुमारे ०.२ मिमी. खांब ०.१ अंशाने कलला आणि हेडचा प्रवास १२० मिमी असेल तरी तेवढाच, ०.२ मिमी. दोन्ही कल डोळ्यांना दिसत नाहीत.

०.२ मिमीने काय होतं ते चिपवर अवलंबून आहे. पिच म्हणजे शेजारच्या दोन बॉलच्या मध्यांमधलं अंतर. १.२७ मिमी पिचच्या चिपचा बॉल ०.७५ मिमीचा असतो. तिथे चिप एवढी सरकली असली तरी सोल्डर वितळल्यावर आपोआप ओढून घेतली जाते. पातळ सोल्डरचा पृष्ठताण चिपला पॅडच्या मध्यावर आणतो, बॉल साधारण निम्मा पॅडवर असला तरी. ०.५ मिमी पिचला बॉल ०.३ मिमीचा आणि दोन पॅडच्या मध्यांमधलं अंतर ०.५ मिमी. तिथे ०.२ मिमी सरकणं म्हणजे बॉल जवळजवळ दोन पॅडच्या मधोमध. तो कुठल्या बाजूला ओढला जाईल याचा भरवसा नाही. माझं मशीन किती दिवस कललेलं होतं कोण जाणे. जुनी मोठ्या पिचची कार्डं ती चूक पोटात घालत होती. बारीक पिचची कार्डं यायला लागली तशी ती उघडी पडली.

पहिला प्रश्न: चिप गार असताना चुकते की गरम झाल्यावर?

हीटर लावायच्या आधीच निवाडा करा. चिप जुळवा, खाली उतरवा, व्हॅक्यूम सोडा आणि तिथेच थांबा. गार अवस्थेत चिप बरोबर बसली असेल तर प्रिझम आणि खांब निर्दोष आहेत. मग गडबड हवेच्या जोरात, फ्लक्सच्या जाड थरावर तरंगणाऱ्या चिपमध्ये किंवा तापताना वाकणाऱ्या बोर्डात आहे. गार असतानाच चुकलेली असेल तर प्रोफाइलला हात लावू नका. मी हा एक प्रश्न आधी विचारला असता तर बरेच बोर्ड वाचले असते.

अडचण अशी की बॉल चिपच्या पोटाखाली असतात, बसल्यावर दिसत नाहीत. बोर्डावर छापलेल्या पांढऱ्या चौकटीवरून ठरवू नका, ती छपाई स्वतःच थोडी इकडे-तिकडे असते. एक्स-रेची सोय सगळ्यांकडे नसते. मी एक कार्ड बाहेरून एक्स-रे करून आणलं, तेव्हा सगळे बॉल एकाच दिशेला सारखे सरकलेले दिसले. माझा संशय तिथून मशीनकडे वळला. पण दर वेळी एक्स-रे कुठून आणणार? त्यासाठी काचेची युक्ती आहे.

मायक्रोस्कोपला वापरतात ती काचेची स्लाइड घ्या आणि साधारण २५ मिमीचा चौकोन कापा. एका बाजूला टोकदार स्क्रायबरने केसाएवढी बारीक फुली ओरखडा. तशीच फुली एका कोऱ्या तांब्याच्या बोर्डावर मारा. काच नोझलने उचला, ओरखड्याची बाजू खाली. प्रिझमच्या दिव्यात ओरखडा पांढरा चमकतो आणि तांब्यावरची फुली काळपट दिसते, त्यामुळे जुळवायला फार सोपं जातं. बोर्डावर काचेचे कोपरे येतील तिथे टाचणीच्या टोकाएवढं चिकट फ्लक्स लावा, नाहीतर गुळगुळीत काच हवेच्या पातळ थरावर घसरते. फुलीवर फुली आणा, हात आत घ्या, काच उतरवा, नोझल वर न्या. आता वरून मायक्रोस्कोपने काचेतून बघा. दोन्ही फुल्या एकमेकींना टेकलेल्या असतात, त्यामुळे तिरकं बघितल्याने होणारा फरक पडत नाही. किती सरकलंय, कुठल्या दिशेला, सगळं डोळ्यांसमोर.

हे पाच वेळा करा आणि दर वेळचं अंतर दिशेसकट वहीत लिहा. त्यानंतर नोझल १८० अंश फिरवा, फुल्या स्क्रीनवर पुन्हा जुळवा आणि आणखी पाच वेळा करा. दहा नोंदी झाल्या की मशीन स्वतःच बोलतं.

चूक दहाही वेळा मशीनच्या एकाच दिशेला, सारखीच असेल तर दोष प्रिझममध्ये किंवा खांबात. नोझल फिरवल्यावर चूक ज्या दिशेला होती ती दिशाही फिरली तर नोझलचं टोक तिरकं आहे. चिप कललेली उतरते, एक कड आधी टेकते आणि मग ती सरकून सपाट होते. टोकाचं रबर झिजलेलं किंवा सोल्डर चिकटलेलं असतं, ते बदला. आणि चूक दर वेळी वेगळी, कधी डावीकडे कधी पुढे, अशी असेल तर कुठेतरी ढिलेपणा आहे. सरकत्या हाताच्या रुळात, हेडच्या रुळात, किंवा व्हॅक्यूम सोडण्याच्या वेळेत. व्हॅक्यूम पूर्ण सुटायच्या आत हेड वर गेलं तर ते चिपला थोडं उचलून ठेवतं. अर्ध्या सेकंदाचा विसावा दिला की बहुतेक वेळा हे थांबतं.

हाताचा ढिलेपणा पाहायला आणखी सोपी चाचणी आहे. चित्रं जुळवा, मग चिपला किंवा टेबलाला स्पर्श न करता हात दहा वेळा आत-बाहेर करा. दर वेळी चित्रं जुळलेलीच दिसली पाहिजेत. इथे एक बारीक मुद्दा आहे. हात एखादा मिलिमीटर पुढे-मागे थांबला तरी काही बिघडत नाही, कारण कॅमेरा आणि ठोकळा एकत्र सरकतात आणि दोन्ही चित्रं सारखीच सरकतात. पण हात किंचित जरी कलला तरी चित्रं एकमेकांपासून सुटतात. म्हणून थांब्याचा स्क्रू घट्ट करत बसू नका, रूळ बघा.

माझ्या मशीनचं खरं दुखणं

माझ्या दहा नोंदी एकाच दिशेला होत्या, ०.२ मिमीच्या आसपास. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे प्रिझमचे सेटिंग स्क्रू फिरवून मी ती चूक शून्यावर आणली. महिनाभराने ती परत आली, मी पुन्हा स्क्रू फिरवले. असं चार-पाच वेळा झालं. आमच्याकडचा मुलगा दर वेळी म्हणायचा, "दादा, स्क्रीनवर तर बरोबर बसलंय," आणि खरंच बसलेलं असायचं.

शेवटी शेजारच्या टूलरूममधल्या काकांना बोलावलं. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलंही नाही. "आधी खांब बघ रे. काचेला कशाला हात लावतोस?" म्हणाले आणि पिशवीतून गुण्या आणि बारीक फरक काट्यावर दाखवणारी डायल काढली. पोलादी गुण्या बोर्ड ठेवायच्या टेबलावर उभा केला, डायल हेडला बांधली, तिची टोकणी गुण्याच्या उभ्या कडेला टेकवली आणि हेड सावकाश १०० मिमी खाली आणलं. काटा ०.१८ मिमीने फिरला. मग गुण्या काटकोनात वळवून दुसऱ्या दिशेने तेच केलं, तिथे काटा जेमतेम ०.०२ हलला. म्हणजे खांब एका बाजूला ०.१ अंशाने कललेला. पान्याने पायाचे बोल्ट तपासले तर मागचे दोन अर्धा फेरा ढिले निघाले.

कारणही मग लक्षात आलं. वर्कशॉपची जागा बदलताना दोघांनी मशीन खांबाला धरून उचललं होतं. बोल्ट तेव्हाच सैल झाले असणार. पुढे रोज गरम-गार होताना खांब थोडा थोडा कलत गेला. मी दर महिन्याला प्रिझम फिरवून त्या हलत्या खांबाशी नजर जुळवत होतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. शिवाय असं प्रिझमने जुळवलेलं एकाच उंचीला पुरतं. बोर्ड उंच खुंट्यांवर ठेवला की प्रवास बदलतो आणि जुळवलेलं थोडं फुटतंच.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी खांब, मग प्रिझम, कधीच उलट नाही. पुढच्या-मागच्या बोल्टांमधलं अंतर १६० मिमी होतं, त्यामुळे १०० मिमीला ०.१८ या हिशेबाने मागच्या बोल्टांखाली साधारण ०.३ मिमीची शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, लागली. बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळले आणि डायल पुन्हा लावली. काटा दोन्ही दिशांना ०.०२ च्या आत आला. बारीक पिचसाठी मी यापुढे ०.०३ पर्यंतच चालवून घेतो.

खांब सरळ झाल्यावर काच उतरवली तर चूक आधीपेक्षा जास्त दिसली! घाबरू नका. इतके दिवस प्रिझम वाकड्या खांबाशी जुळवलेला होता, खांब सरळ केला म्हणून ती तडजोड उघडी पडली. आता प्रिझमचे लॉकचे स्क्रू सैल करा, सेटिंगचा स्क्रू पाव फेऱ्याहून कमी फिरवा, काच उतरवून बघा, पुन्हा थोडा फिरवा. मला सात खेपा लागल्या. लॉक आवळताना सेटिंग हलतं, म्हणून शेवटची चाचणी लॉक आवळल्यावर घ्यायची.

तातडीचं कार्ड समोर आहे आणि दुरुस्तीला वेळ नाही, अशा वेळी काचेवर मोजलेली चूक लिहून ठेवा आणि स्क्रीनवर जुळवल्यानंतर मायक्रोमीटर तेवढाच उलट दिशेला फिरवा. त्या दिवसापुरतं आणि त्याच उंचीच्या बोर्डापुरतं हे चालतं.

स्क्रीन वाचताना होणाऱ्या चुका

यंत्र निर्दोष असूनही चिप चुकते, कारण आपण चित्र नीट वाचत नाही. सगळ्यात जास्त फसवते ती बॉलवरची चमक. बॉल गोल आहे, त्यावर दिव्याचा एक तेजस्वी ठिपका पडतो. दिवा एका बाजूने जास्त असेल तर तो ठिपका बॉलच्या मध्यावर नसतो. आपण ठिपका पॅडच्या मध्यावर आणतो आणि बॉल बाजूला राहतो. उजेड कमी करा, बॉलची बाहेरची गोल कड दिसू द्या, ती कड पॅडच्या कडेशी जुळवा. पॅडचंही तसंच. विकने, म्हणजे सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीने, पुसताना एका कडेला सोल्डरचा उंचवटा राहिला तर चमक तिथेच दिसते.

मधले बॉल जुळतात पण चारही कडांना सारखेच बाहेर सुटतात, असं दिसलं तर दोन चित्रांचा आकार वेगळा आहे. ठोकळ्यापासून चिप आणि बोर्ड सारख्या अंतरावर नाहीत. बहुधा एक चित्र पुसटही दिसतं. फोकस फिरवून ते झाकू नका, उंची सारखी करा. फक्त एकाच कडेला सुटत असेल तर चिप नोझलमध्ये तिरकी आहे किंवा बोर्ड मधे झोळ खातोय. बोर्डाखाली आधाराच्या खुंट्या वाढवा.

फिरकीची चूक मोठ्या चिपवर महाग पडते. ३५ मिमीच्या चौकोनी चिपचा कोपरा मध्यापासून सुमारे २५ मिमीवर असतो, त्यामुळे अर्ध्या अंशाची फिरकी कोपऱ्यात ०.२ मिमी होते, आणि मध्यावर काहीच दिसत नाही. म्हणून झूम वाढवून समोरासमोरचे दोन कोपरे पाहिल्याशिवाय हात आत घेऊ नका.

ठोकळ्याच्या काचेवर फ्लक्सच्या धुराचा पिवळसर थर बसतो आणि चित्र धुरकट होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, धागे न सुटणारा बोळा, हलका हात. ॲसिटोन नको, चिकटवलेला सांधा त्याने खराब होऊ शकतो.

सकाळ आणि दुपार

सगळं दुरुस्त झाल्यावरही दुपारी थोडा फरक दिसायचा. यंत्र तापून लांबतं म्हणून, असं मी समजत होतो, पण नुसत्या लांबण्याने चूक होत नाही. आपण दर वेळी नव्याने जुळवतो, त्यात ते धरलं जातं. चूक होते ती एक बाजू जास्त तापल्यावर. ३०० मिमी उंच, ६० मिमी खोल ॲल्युमिनियमचा खांब हीटरच्या बाजूने ५ अंशांनी जास्त गरम झाला तर तो मागे वाकतो आणि चिप फार तर ०.०७ मिमी सरकते. १.२७ पिचला याचं काही नाही. ०.४ पिचला याची दखल घ्यावी लागते, कारण बाकीच्या लहान चुका यात मिळतात. म्हणून मी काचेची चाचणी मशीन गार असताना घेत नाही. आधी बोर्ड खालून तापवणारा प्रीहीटर दोन बोर्डांच्या कामाएवढा चालवतो आणि मग काच उतरवतो.

आता ती काच एका डबीत कापसात ठेवलेली आहे. दर सोमवारी पहिल्या कार्डाआधी तीन वेळा उतरवतो, पाच मिनिटं लागतात, आकडे वहीत जातात. खांबाच्या चारही बोल्टांवर आणि प्रिझमच्या स्क्रूंवर नेलपॉलिशची एकेक रेघ ओढून ठेवली आहे, अर्धी डोक्यावर आणि अर्धी बाजूच्या पत्र्यावर. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. तुटलेली दिसली की त्या दिवशी डायल लागल्याशिवाय मशीनवर चिप चढत नाही.